एक टिंब कमी

शाळेच्या स्मरणिकेसाठी दोन पानं लिहून द्या, असा फोन आला तेव्हा मी टाळाटाळच केली. नागपूरच्या छापखान्यांत मुद्रितशोधक म्हणून जन्म काढलेल्या माणसाला दुसऱ्याच्या वेलांट्या दिसतात, स्वतःचं वाक्य सुचत नाही. शिवाय 1982 च्या दहावीच्या आमच्या बॅचमधले बाकीचे लोक मैदान, गॅदरिंग आणि छड्या यांवर लिहिणारच. म्हणून मी संस्कृतच्या बाईंवर आणि त्यांनी शिकवलेल्या एका श्लोकावर लिहितो. श्लोक प्रेमाचा आहे. अभ्यासक्रमात अर्थातच नव्हता.

संस्कृत घ्यायचं ते मार्कांसाठी, हे तेव्हाही उघड होतं. 'देवः देवौ देवाः' पाठ, वीस-पंचवीस सुभाषितं पाठ, की झालं. त्या सुभाषितांच्या जगात नद्या परोपकारासाठी वाहायच्या, झाडं परोपकारासाठी फळायची, आणि कोणी कोणाच्या प्रेमात म्हणून पडत नसे. 'केयूराणि न भूषयन्ति पुरुषं' हा आमचा पाठांतराचा श्लोक. तो भर्तृहरीच्या नीतिशतकातला, आणि त्याच भर्तृहरीच्या नावावर वैराग्यशतकासोबत एक शृंगारशतकही आहे, हे आम्हाला कळलं ते वाचनालयातल्या जाडजूड प्रतीमुळे. तिच्यातली मधली पानं कोणीतरी स्टेपल करून टाकली होती. तीन पिना! नववीतल्या मुलांपुढे तीन पिना किती दिवस टिकणार? मधल्या सुट्टीत कंपासच्या टोकाने उचकटल्या, आणि बघतो तर सगळं संस्कृत. एकालाही धड दोन ओळी लागल्या नाहीत. पानं मुकाट्याने दाबून ठेवली.

गंमत म्हणजे पिना मारणाऱ्याच्या हातून नेमका सगळ्यात जळजळीत श्लोक सुटला होता. 'यां चिन्तयामि सततं मयि सा विरक्ता.' जिचा मी ध्यास घेतला तिला मी नको, तिला दुसराच हवा, त्याचा जीव तिसरीवर, आणि माझ्यासाठी झुरतेय भलतीच कोणी. धिक्कार असो तिचा, त्याचा, मदनाचा, हिचा आणि माझाही. हा श्लोक बऱ्याच प्रतींत नीतिशतकाच्या आरंभीच असतो. नीतीत राहत होता म्हणून वाचला.

बाईंच्या कानावर पिनांची गोष्ट गेली. आता घरी चिठ्ठी जाणार, असं धरून आम्ही बसलो होतो. बाई एवढंच म्हणाल्या, "उचकटल्या ते ठीक. वाचता आलं का?"

त्यानंतर शनिवारचा शेवटचा तास बदलला. आधी श्लोकांची अंत्याक्षरी, आणि मग पुस्तकाबाहेरचा एक श्लोक. पहिल्या शनिवारी अमरूशतकातला, म्हणजे अमरू कवीच्या शृंगारिक श्लोकांच्या संग्रहातला, पोपट आला. रात्री नवराबायकोचं जे बोलणं झालं ते घरातल्या पोपटाने ऐकलं, आणि सकाळी वडीलधाऱ्यांसमोर तो ते घडाघडा म्हणायला लागला. सुनेने काय करावं? कानातला माणकाचा खडा काढून तिने त्याच्या चोचीपुढे धरला, डाळिंबाचा दाणा म्हणून. पोपट गप्प. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "पण बाई, पोपट बोलला काय?" बाई म्हणाल्या, "ते सांगत बसला असता तर अमरूला चार ओळी पुरल्या असत्या का?" अमरूचा एकेक श्लोक शंभर ग्रंथांच्या तोडीचा, असं जुने रसिक का म्हणत, ते मला त्या उत्तरात कळलं.

मग संस्कृत नाटककार भवभूती आला, आणि तो तर शेजारचाच निघाला. मालतीमाधव या नाटकाच्या प्रस्तावनेत त्याने आपल्या घराण्याचं गाव पद्मपूर सांगितलं आहे. ते आमगावजवळचं पदमपूर, असं संस्कृतचे संशोधक वा. वि. मिराशींनी मांडलं. आम्हाला पदमपूर माहीत होतं ते धानाच्या बांध्यांसाठी आणि वर्गातल्या एकाच्या मामाचं गाव म्हणून. (तेव्हा हा सगळा भंडारा जिल्हा, गोंदिया वेगळा झाला 1999 मध्ये.) भवभूतीची तिन्ही नाटकं कालप्रियनाथाच्या यात्रेत झाली, हे बाईंनी सांगितल्यावर मामाच्या गावचा तो पोरगा खूश होऊन म्हणाला, "म्हणजे आपल्या मंडईसारखंच, बाई! रात्री नाटक." (मंडई म्हणजे आमच्याकडची दिवाळीनंतरची जत्रा, भाजीबाजार नव्हे.) पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतल्या पोराला भवभूती याहून चांगला कोण समजावणार?

त्याच्याच उत्तररामचरिताचा पहिला अंक. राज्याभिषेक झालेला आहे, सीतेला दिवस गेले आहेत, आणि लक्ष्मण दोघांना भिंतीवरची चित्रं दाखवतोय. चित्रं त्यांच्याच वनवासाची. गोदावरीकाठ दिसतो, आणि राम सीतेला विचारतो, आठवतात का ग ते दिवस? तिथे हा श्लोक आहे:

किमपि किमपि मन्दं मन्दमासत्तियोगाद्
अविरलितकपोलं जल्पतोरक्रमेण ।
अशिथिलपरिरम्भव्यापृतैकैकदोष्णोर्
अविदितगतयामा रात्रिरेव व्यरंसीत् ॥

बाईंनी 'अविरलितकपोलं'चा अर्थ गालाला गाल टेकवून, असा सरळ सांगितला. तिसऱ्या ओळीत 'परिरम्भ' म्हणजे मिठी. थोडी खसखस पिकली, ती त्यांनी पिकू दिली. मग 'अक्रमेण'वर आल्या. "क्रम नसलेलं बोलणं. आधी हे, मग ते, असं काही नाही. किमपि किमपि, काहीबाही. तुमच्या आईवडिलांना ऐकलंय कधी असं बोलताना, दिवा मालवल्यावर?" वर्ग शांत झाला. मला आमचं एका खोलीचं घर आठवलं, आणि अर्धवट झोपेत कानावर पडणारं बियाण्याचं, आत्याच्या लग्नाचं, गळक्या कौलांचं बोलणं. तेही या श्लोकात बसतं, हे तोवर डोक्यातच आलं नव्हतं.

नंतर त्यांनी शेवटची ओळ फळ्यावर लिहिली, पण 'रात्रिरेवं' अशी, टिंब देऊन. आणि ती दंतकथा सांगितली. भवभूतीने म्हणे नाटक कालिदासाला ऐकवलं. तो पटावर खेळण्यात गुंग. सगळं ऐकून म्हणाला, उत्तम आहे, फक्त एक अनुस्वार जास्त झालाय. (कालिदास आणि भवभूती यांच्यात तीनेकशे वर्षांचं अंतर, तेव्हा गोष्ट खोटी, हेही बाईंनीच सांगितलं, पण नंतर.) त्यांनी बोटाच्या टोकाने तेवढंच टिंब पुसलं. "काय बदललं?"

कोणी बोलेना. आम्ही आधी वृत्त तपासलं, कारण आम्हाला तेच येत होतं. मालिनी, पंधरा अक्षरं, न न म य य. टिंब गेल्यावर 'व' लघु होऊन ओळ लंगडी व्हायला हवी. पण पुढे 'व्य' हे जोडाक्षर आहे, त्यामुळे 'व' गुरूच राहतो. कानाला काहीच कळत नाही. मग अर्थ. 'एवं' म्हणजे अशा रीतीने: अशा रीतीने रात्र सरली. 'एव' म्हणजे च. रात्रच सरली...

"गप्पा नाही सरल्या, बाई," मामाच्या गावचा पोरगा म्हणाला.

बाई खडू खाली ठेवून म्हणाल्या, "बस." आणि बोटाला लागलेला खडू पदराला पुसला. घंटेला पाच मिनिटं होती. तेवढ्यात त्यांनी अंकाचा शेवट सांगितला. ती सीता थोड्या वेळाने रामाच्याच हातावर डोकं ठेवून झोपते, लोकापवादाची बातमी येते, आणि त्याच अंकात राम तिला वनात पाठवायचं ठरवतो. त्या दिवशी दप्तर उचलताना कोणी गोंधळ केला नाही.

पुढे छापखान्यात कामसूत्राची प्रुफं माझ्या टेबलावर आली. शेजारचे सहकारी काही ना काही निमित्ताने वाकून बघून जायचे आणि निराश व्हायचे, कारण सात अधिकरणांपैकी एकाच्याच जिवावर त्या ग्रंथाची सगळी ख्याती आहे. मी पोचलो होतो चौसष्ट कलांच्या यादीपाशी. तिथे 'प्रतिमाला' नावाची कला आहे, आणि जयमंगला टीकेत यशोधराने सांगितलंय की हिलाच अंत्याक्षरी म्हणतात! म्हणजे शनिवारी शेवटच्या तासाला आम्ही वात्स्यायनाचा अभ्यास करत होतो. त्याच यादीत शुकसारिकाप्रलापन आहे: पोपट-मैनांना बोलायला शिकवणं. त्यांना गप्प करणं ही मग पासष्टावी असणार, आणि ती अमरूच्या सुनेला येत होती.

न राहवून मी बाईंना पोस्टकार्ड टाकलं. उलट टपाली त्यांचं कार्ड आलं, मोत्यासारखं अक्षर, एकच ओळ: "मुख्याध्यापकांना सांगू नकोस."

संपादक मंडळाला एक विनंती. वरच्या श्लोकात 'रात्रिरेव'वर अनुस्वार नाही. ऑपरेटरला ती चूक वाटेल आणि तो सद्भावनेने टिंब देईल. मी अशी टिंबं हजारांनी काढली आहेत. देऊ नये. जमल्यास प्रूफ मलाच पाठवावं.