तुम्ही विचारलंत म्हणून: ‘ही शाळा खरी मॉन्टेसरी आहे का?’

प्रवेशाचे फॉर्म निघाले की हा प्रश्न ठरलेला. घराजवळच्या शाळेच्या पाटीवर ‘मॉन्टेसरी’ लिहिलंय. ती खरी की नावापुरती?

मॉन्टेसरी म्हणजे ठरावीक साधनं स्वतः हाताळत मुलाने आपल्या गतीने शिकायची पद्धत. पाटीवरून त्यातलं काहीच कळत नाही. हे नाव कुणाच्या मालकीचं नाही, कुणीही लावू शकतं. शिवाय आपल्याकडे तो शब्द बालवाडीचा जुळा भाऊ होऊन बसलाय. ‘पोरगी मॉन्टेसरीत जाते’ म्हणजे ती अजून पहिलीत गेलेली नाही, इतकाच अर्थ.

साहित्य बघूनही माणूस फसतो. गुलाबी मनोरा, म्हणजे एकावर एक रचायचे लहानमोठे ठोकळे, आज ऑनलाइन मागवता येतो आणि फोटोत छान दिसतो. म्हणून आधी वेळापत्रक मागा. सकाळी मुलांना सलग, मध्ये घंटा न होता, किती वेळ मिळतो? उत्तर अडीच-तीन तास असेल तर पुढचं बोला. ‘रोज चाळीस मिनिटांचा मॉन्टेसरी पिरियड असतो’ असं म्हणाले, तर ती बाकी काहीही असेल, मॉन्टेसरी नाही.

याचं कारण मुलांच्या कामाच्या चालीत आहे. आल्या आल्या मूल सोपं, ओळखीचं काहीतरी उचलतं: पाणी ओतणं, बटणं लावणं. तासाभराने वर्गात गलबला वाढतो, मुलं उगाच फिरतात आणि बघणाऱ्याला वाटतं, दमली. अनुभवी ताई इथे हस्तक्षेप करत नाही. थोड्या वेळात मुलं आपणहून परत बसतात आणि दिवसाचं सगळ्यात अवघड, सगळ्यात एकाग्र काम त्यानंतर होतं. चाळीस मिनिटांत मूल तिथवर पोचतच नाही. नेमक्या गलबल्याच्या वेळी ‘चला, आता सगळे गोल करून गाणं म्हणूया’ झालं, तरी तेच. (स्नेहसंमेलनाची तालीम किती आठवडे चालते, हेही विचारून घ्या. काही शाळांत तीच तालीम महिनाभर सकाळ खाते.)

मग वर्गात बसून बघायची परवानगी मागा. एका कोपऱ्यात, न बोलता, निदान तासभर. जूनमध्ये जाऊ नका; तेव्हा निम्मी मुलं रडत असतात आणि ते स्वाभाविकच आहे. दिवाळीनंतर जा. बघूच देत नसतील तर ती शाळा यादीतून काढायला हरकत नाही.

आत तीन ते सहा वर्षांची मुलं एकत्र दिसली पाहिजेत. नर्सरी, ज्युनियर, सीनियर अशा वेगळ्या खोल्या असतील तर पद्धतीचा अर्धा जीव गेला, कारण लहान मूल मोठ्याचं काम बघून शिकतं आणि मोठं दाखवताना पक्कं होतं. वर्गात पंचवीस-तीस मुलं, एक प्रशिक्षित ताई आणि एक मदतनीस असतील तर दचकू नका. प्रत्येक चार मुलांमागे एक मोठं माणूस असलं की मुलं सारखी त्याच्याच तोंडाकडे बघतात.

प्रत्येक साधनाचा एकच संच असावा. दुसऱ्याच्या हातात असेल तर थांबायचं, हा शिकण्याचाच भाग. सगळ्यांपुढे एकाच वेळी तोच खेळ मांडलेला दिसला तर तो साधा वर्ग आहे, फक्त खेळणी महाग.

आता साहित्य. मनोऱ्याचे ठोकळे मोजा: दहा, एक सेंटीमीटरपासून दहापर्यंत. सगळ्यात धाकटा ठोकळाच आधी हरवतो. तो जागेवर असेल तर समजा कुणीतरी रोज फडताळ तपासतं. शून्य ते नऊच्या कप्प्यांची पेटी असते, तिच्या काड्या पंचेचाळीस. एक जरी कमी असेल तर सगळं बरोबर मोजूनही नऊच्या कप्प्यात आठच उरतात आणि मुलाला वाटतं, चूक माझी. चूक ताईने नाही, साधनाने दाखवायची, यावर ही पद्धत उभी आहे. अपुरा संच तिथे खोटं बोलतो. साधन चकचकीत नसलं तर चालेल. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघाच्या कामात भाग घेतला आणि पुढे १९४५ पासून डहाणूजवळच्या बोर्डी गावात हेच शिक्षण आसपासच्या स्वस्त वस्तू घेऊन गरिबांच्या मुलांपर्यंत नेलं. माप अचूक आणि नग पूर्ण, एवढं पुरे.

ताईचं प्रशिक्षणही विचारा: कुठे, किती महिने, प्रत्यक्ष वर्गात सराव झाला का. तीन ते सहा वयोगटाचा पूर्ण अभ्यासक्रम साधारण वर्षभराचा असतो. मोबाईलवर तीन आठवड्यांत मिळालेल्या प्रमाणपत्रात तो मावत नाही.

घरी मराठी आणि शाळा इंग्रजी असेल तर आणखी एक प्रश्न. खरखरीत कागदाच्या अक्षरांवर बोट फिरवताना मूल ओळखीच्या शब्दातला आवाज ऐकत असतं. शब्दच अनोळखी असला तर अक्षर नुसतं चित्र उरतं. तेव्हा पहिले काही महिने ताई मुलाशी कोणत्या भाषेत बोलते, ते विचारा.

शेवटचं तुमच्याबद्दल. महाराष्ट्रात पहिलीला ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण लागतात, म्हणजे तीन ते सहा ही तीन वर्षं नीट बसतात. पण बरेच जण दुसऱ्या वर्षानंतर मोठ्या शाळेतली जागा पकडायला मूल काढतात. वाचन सुटायचं, सोनेरी मण्यांनी (एकक-दशक-शतक-हजार दाखवणारं साधन) हजारांची बेरीज करायची, ते बहुतेक तिसऱ्याच वर्षी. वर्षभरातच काढायचं ठरलं असेल तर एवढी शोधाशोध करू नका. चालत जाता येईल अशी, प्रेमळ ताईंची कोणतीही बालवाडी घ्या.