ला मांचाचे सात गडी

आपल्याकडे हँडबॉल शाळेच्या मैदानावर भेटतो आणि बहुतेकांच्या बाबतीत दहावीच्या वाढीव गुणांपाशी संपतो. मला तो पुन्हा भेटला यूट्यूबवर, जुने सामने चाळताना. तेव्हापासून सिउदाद रेआलचा नाद लागलाय.

स्पेनच्या ला मांचातलं हे शहर, वस्ती जेमतेम पाऊण लाख. सर्व्हान्तेसच्या कादंबरीतल्या डॉन किहोतेचा मुलूख, म्हणून स्टेडियमचं नावही ‘किहोते अरेना’. क्लब १९८१चा. पुढे बांधकाम धंद्यातला पैसा आला आणि देशोदेशीचे गडी जमले: आइसलँडचा डावखुरा ओलाफुर स्टेफान्सन, गोलमध्ये धिप्पाड आर्पाद श्टेरबिक. किर्गिझस्तानात जन्मलेला तालांत दुय्शेबायेव इथे आधी खेळला, मग प्रशिक्षक झाला. २००६, २००८, २००९ अशी तीनदा चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी हँडबॉल स्पर्धा, जिंकली. एवढ्याशा गावाने!

त्यातली २००९ची फायनल मी कितीही वेळा बघेन. समोर जर्मनीचा कील. तेव्हा फायनल दोन सामन्यांची असे. कीलमध्ये ३९-३४ असा मार खाऊन, पाच गोलांची उधारी डोक्यावर घेऊन मंडळी घरी आली आणि घरच्या मैदानावर ३३-२७ने जिंकली. दोन्ही मिळून ६७-६६. साठ-साठ मिनिटांचे दोन सामने, आणि फरक एका गोलाचा.

या खेळात मला सगळ्यात आवडतो तो कोपऱ्यातला गडी. बोटांना चिकट राळ फासलेली, जादा गोळा बुटावर चिकटवून ठेवलेला. तो सहा मीटरच्या रेषेबाहेरून आत झेपावतो. पाय जमिनीला टेकायच्या आत चेंडू हातातून सुटायला हवा. कोन इतका अरुंद की गोल दिसतच नाही. मग तो मनगट फिरवून चेंडू सोडतो. चेंडू गोलकीपरच्या बाजूने जातो, टप्पा खातो आणि लेगब्रेकसारखा वळून जाळ्यात शिरतो. गोलकीपर बिचारा हातपाय फाकून हवेतच!

२००८नंतर स्पेनमधला बांधकामाचा फुगा फुटला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सिउदाद रेआलला टोलेजंग विमानतळ सुरू झाला होता, चार किलोमीटरच्या धावपट्टीचा. विमानं फिरकेनात, २०१२ला तो बंद पडला. पुढे लिलावात त्याच्यासाठी १०,००० युरोंची बोली आली. एवढ्यात पुण्यात पार्किंगची जागा तरी मिळेल का, शंकाच आहे. (बोली मान्य झाली नाही, हे बरंच.)

क्लब त्याआधीच, २०११ला, माद्रिदला हलला आणि अ‍ॅटलेटिको माद्रिदचं नाव लावून खेळू लागला. तिथेही २०१२ला चॅम्पियन्स लीगची फायनल गाठली, कीलकडूनच हरला आणि २०१३ला गाशा गुंडाळला. फुटबॉलवाल्यांचं नाव असलं की पैसा आपोआप येतो, असं कुणाला वाटलं असेल तर ते तेव्हाच कळलं असावं. मला राग येतो तो गाव सुटल्याचा. हरले असते, खालच्या लीगमध्ये गेले असते, पण घरी तर असते!

दुय्शेबायेव पोलंडच्या किएल्सेला गेला. २०१६च्या फायनलमध्ये त्याचा संघ हंगेरीच्या व्हेस्प्रेमपुढे नऊ गोलांनी मागे होता. तो सामनाही किएल्सेने जिंकला, पेनल्टीवर.