'जिन लेन' बघताना आधी सावकाराचं दुकान शोधा

इंग्रज चित्रकार विल्यम होगार्थच्या 'जिन लेन' (१७५१) या जिन दारूच्या व्यसनावरच्या छापील चित्रात नजर थेट पायऱ्यांवरच्या बाईकडे जाते. ती तपकिरीची चिमूट घेतेय आणि तिचं तान्हं मूल कठड्यावरून खाली कोसळतंय. पण तिथेच थांबू नका. डावीकडे सावकाराच्या दारात सुतार करवत गहाण टाकतोय आणि बाई स्वयंपाकाची भांडी. उद्याची मजुरी गेली, उद्याची चूलही गेली. आता जोडीचं 'बिअर स्ट्रीट' शेजारी ठेवा. तिथे सावकाराचंच घर मोडकळीला आलंय आणि तो दाराच्या झडपेतून बिअर आत घेतोय. चित्राचा खरा वार इथे आहे. गरिबाच्या व्यसनावर कोणाची दुकानं चालतात, हे होगार्थ नाव-पाटीसकट दाखवतो.

हा बारकावा तांब्याच्या पत्र्यामुळे साधतो. पत्र्यावर मेणाचा ग्राउंड, म्हणजे ॲसिड अडवणारा थर, द्यायचा, सुईने रेघा ओढायच्या आणि उघडं पडलेलं तांबं ॲसिडने खाऊ द्यायचं. मग ब्युरिनने, म्हणजे कोरायच्या टोकदार हत्याराने, हव्या त्या रेघा खोल करायच्या. ॲसिडमध्ये प्लेट जास्त वेळ राहिली तर जवळजवळच्या रेघा एकमेकींत मिसळतात आणि सावलीच्या जागी नुसता काळा डाग उरतो. पाट्यांवरची अक्षरं उलटी कोरावी लागतात. छापताना शाई चोळून वरचा भाग पुसायचा, की ती फक्त रेघांत उरते. कागद ओलसर हवाच, कोरडा कागद रेघेत उतरत नाही आणि रेघ तुटक येते.

तांबं मऊ असल्यामुळे छपाईच्या दाबाने प्लेट झिजते आणि सगळ्यात आधी नाजूक रेघा जातात. म्हणून प्रत बघताना मागचं, लंडनमधल्या ब्लूम्सबरीच्या सेंट जॉर्ज चर्चचं शिखर निरखा. तिथल्या रेघा फिक्या, विरलेल्या असतील तर ती बहुधा उशिराची छपाई. होगार्थ १७६४ मध्ये गेल्यानंतरही त्याच्या प्लेटा डागडुजी करून छापल्या जात होत्या, हे लक्षात असू द्या.

'जिन लेन'च्या एका प्रतीची किंमत होती एक शिलिंग, म्हणजे बारा पेन्स. चित्रातल्याच गुत्त्याच्या पाटीवर एका पेनीत नशा आणि दोन पेन्समध्ये पार बेशुद्धी मिळते. त्या भावाने एका प्रतीच्या पैशात माणूस सहा वेळा बेशुद्ध पडला असता. त्या गल्लीतला माणूस हे चित्र कुठून विकत घेणार? त्याच वर्षीच्या 'क्रूरतेचे चार टप्पे' या मालिकेसाठी होगार्थने स्वस्तात छापता यावं म्हणून लाकडी ठोकळे कोरून घ्यायला घेतले. खर्च अपेक्षेबाहेर गेला आणि चारपैकी दोनच ठोकळे झाले.