खळं

१९ जुलै, अमळनेर

काल रात्री दापोलीजवळच्या हर्णैहून परतलो. पोरीची नोकरी तिकडे. चार वर्षं भाड्याच्या खोलीत काढली, आता घर बांधायचं म्हणते. मी तीस वर्षं गवंडीकाम केलेलं, म्हणून जागा बघायला मीच गेलो.

पण माझं निम्मं शिकलेलं तिथे लागू पडत नाही. आपल्याकडे काळ्या जमिनीला भेगा पडतात म्हणून पाया मुरमापर्यंत न्यायचा, उन्हासाठी भिंती जाड, वर मातीचं सपाट धाबं. वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, धाब्यावर पांढरी माती टाकली की भागतं. दापोलीकडे तोच ३००० च्या वर. तिथे छप्पर उतरतंच हवं, भिंत जांभ्या चिऱ्याची. खाऱ्या हवेत सळई गंजते, गंजली की फुगते आणि स्लॅब फोडते. सळईवर काँक्रीट जास्त सोडावं लागेल. आणि ३ जून २०२० चं निसर्ग वादळ विसरून छप्पर बांधताच येणार नाही.

एजंटानं दाखवलेली जागा मनात भरली होती. कोळीवाड्याला लागून, सपाट, समोर सुवर्णदुर्ग. भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत सीआरझेडचे, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाचे नियम लागतात. त्याचं विचारलं तर "होऊन जाईल" एवढंच. मी पावलांनी जागा मोजत होतो. शेजारच्या दारातून एक म्हातारी म्हणाली, "दिवाळीनंतर या बघायला."

जून-जुलै मासेमारी बंद. होड्या वर ओढून झाकलेल्या, सगळीकडे गवत. दिवाळीनंतर त्याच जागेवर वाड्यातल्या बाया मासळी वाळत घालतात. ती विकून आणि घरात साठवून पावसाळा निघतो. सातबारावर नाव कुणाचंही असो.

मला आमचं खळं आठवलं. दादर ज्वारीच्या मळणीला गजबजायचं, एरवी ओसाड. म्हणून त्याला कुणी रिकामा प्लॉट म्हटलं नाही. माझ्या पोरीचं घर दुसऱ्यांच्या खळ्यावर उभं राहायला नको.

आज फोनवर तिला वरच्या आळीतली जागा सुचवली. बराच वेळ गप्प होती.

"आबा, तिथून समुद्र नाही दिसणार."

"नाही दिसणार, बेटा."

"पोर नाराज व्हयनी का?" हिनं आतून विचारलं. झाली असेल.

नकाशाचा कागद पुढ्यात घेतलाय. पश्चिमेला पडवी काढली तर झड भिंतीवर येणार नाही, आणि संध्याकाळी वारा तरी मिळेल तिला.