कितवं पुट?

24 मे, रात्र

आज आईने आमसुलांचं कितवं पुट ते मला पाच वेळा विचारलं. चार वेळा नीट सांगितलं, "पाचवं." पाचव्या वेळी ओरडले. ती काही बोलली नाही. सुपातल्या साली उगीचच उलट्यापालट्या करत बसली.

ओरडले त्याचं वाईट वाटतंच आहे. पण खुपतंय ते वेगळं.

संध्याकाळी पडवी झाडताना खांबाच्या मागच्या अंगाला कोळशाच्या रेघा दिसल्या. बारीक, एकाखाली एक. पुटांच्या. आमच्याकडे रातांब्याच्या साली सात वेळा आगळात, म्हणजे रातांब्याच्या खारवलेल्या रसात, बुडवून सात वेळा उन्हात घालतात, दर खेपेचं एक पुट, आणि ते मोजायला आईला कधी काही लागलं नाही. सालीला बोट लावायची आणि सांगायची, "अजून दोन." ती बाई आता रेघा ओढतेय. त्याही खांबाआड, मला दिसू नयेत अशा.

म्हणजे तिला माहीत आहे.

दादा फोनवर म्हणतो, वय झालं गं, मीसुद्धा विसरतो. चष्मा कुठे ठेवला ते मीही विसरते आणि घटकाभराने मला आठवतं. पण गेल्या आठवड्यात आई आगळाचा तांब्या हातात घेऊन उभी होती. म्हणाली, "ह्याचं काय करायचं असतं गो?" हे मी दादाला सांगितलेलं नाही. का, ते जाऊ दे. तो गणपतीत चार दिवस येईल, त्याच्यापुढे ती ठणठणीत असेल, आणि मी म्हणजे तिच्या मागे लागलेली कजाग मुलगी. सगळं माझ्याच वाट्याला.

बुधवारी रत्नागिरीला डॉक्टरांनी तिला घड्याळ काढायला लावलं, अकरा वाजून दहा मिनिटं झालेलं. गोल सुरेख काढला, रांगोळीचा हात आहे. आकडे मात्र सगळे उजव्या अंगाला दाटीवाटीने, आणि काटे एक दहावर, एक अकरावर. मग हसून म्हणाली, "आमचं घड्याळ बंदच असतं हो." डॉक्टर हसले, मीही हसले. येताना एसटीत डोक्यात आलं, गेलं वर्षभर मी अशीच हसत आलेय. तिला नाव आठवलं नाही की "तो आपला लंबूटांग", हिशेब चुकला की "दुकानदारच लुच्चा". प्रत्येक वेळी काहीतरी खुसखुशीत. तेही खांबाआडच्या रेघांसारखंच होतं का? किती दिवस एकटीने सांभाळलं असेल तिने हे?

रक्त तपासायला दिलंय. बी-12 किंवा थायरॉइड कमी असलं तरी माणूस असं विसरतं, आणि ते औषधाने सुधारू शकतं म्हणे. कानही तपासून घ्यायचे आहेत. तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लावताना मी काय मागितलं, तर आईचं बी-12 कमी निघू दे. देवालाही प्रश्न पडला असेल.

मग फोनवर वाचत बसले. भारतात साठीपुढच्या सुमारे 88 लाख माणसांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, असावा, असा 2023 सालच्या एका अभ्यासाचा अंदाज आहे. म्हणजे शंभरात सात. आमच्या वाडीत साठीपुढची पंधराएक डोकी. एखादं तरी निघणारच, आणि ते आमच्याच पडवीत कशाला, असा विचार करून झाला. शेजारच्या काकूंवर ढकलूनही पाहिलं मनातल्या मनात.

एक लिहायचं राहिलं. रेघा सहा आहेत.

माझ्या हिशेबाने पाच. तिने एक दोनदा ओढली असेल. नाहीतर बुधवारी रत्नागिरीच्या गडबडीत माझाच एक दिवस सुटला असेल. त्या दिवशी साली उन्हात कोणी घातल्या, ते मला आठवत नाहीये. पाच वेळा छातीठोक "पाचवं" म्हणून सांगून, वर ओरडून झाल्यावर!

आत्ता उठून पडवीत जाऊन आले. अंधारात एका सालीला बोट लावून पाहिलं. चिकट. याउपर काही कळलं नाही.

सकाळी सूप तिच्यापुढे ठेवणार आणि मीच विचारणार, कितवं गो? मृग पंधरा दिवसांवर आलाय. तिचं सहा खरं निघालं तर बरंच, तेवढंच एक ऊन वाचेल.