सांगली–महाबळेश्वर–सातारा : ३९४ किलोमीटर आणि साडेएकोणीस लिटर

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही चौघे, म्हणजे मी, पत्नी, मुलगी आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई, सांगलीहून वाईमार्गे महाबळेश्वरला गेलो, तेथे एक रात्र राहिलो आणि मेढ्याच्या वाटेने साताऱ्यात उतरून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी परतलो. गाडी २०१६ ची अल्टो ८००, इंजिन ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे, आणि मीटरवर एक लाखाच्या वर किलोमीटर. एवढ्या लहान गाडीला चार माणसे घेऊन घाट झेपतो का आणि ती किती पेट्रोल पिते, हे मला नात्यातील लोक वारंवार विचारतात. या वेळी ठरवून प्रत्येक टप्प्याचा हिशेब स्वतंत्र ठेवला, आणि त्याच वाटेने जाणाऱ्यांना तो उपयोगी पडावा म्हणून येथे देत आहे.

निघण्याआधीची एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे, कारण तिच्यावाचून पुढचे आकडे फसवे ठरले असते. नोव्हेंबरमध्ये गाडीचा शहरातील अ‍ॅव्हरेज एकाएकी लिटरला सोळावरून तेरावर आला होता. सर्व्हिसिंग नुकतेच झालेले, एअर फिल्टर नवा, त्यामुळे दोष पेट्रोलचा असावा असे मी धरून चाललो होतो. ओळखीच्या मिस्त्रींनी मात्र बॉनेट उघडण्याच्या आधी गाडी जॅकवर चढवली आणि मागची चाके हाताने फिरवून पाहिली. डावे चाक अर्धा फेराही न घेता थांबले. सर्व्हिसिंगच्या वेळी हँडब्रेक आवळताना मागच्या ड्रममधील लायनर गरजेपेक्षा जास्त घट्ट बसवले गेले होते आणि गाडी महिनाभर थोडा ब्रेक लावलेल्या अवस्थेतच चालत होती. दहा मिनिटांत ते सैल झाले आणि अ‍ॅव्हरेज पूर्ववत झाला. ज्यांच्या गाडीचा अ‍ॅव्हरेज अचानक पडला असेल त्यांनी दहा-पंधरा किलोमीटर चालवून, शक्यतो ब्रेक न दाबता गाडी थांबवावी आणि चारही चाकांजवळ हात नेऊन पाहावा. एखादे चाक इतरांपेक्षा स्पष्टपणे गरम लागले, तर आधी ब्रेक दाखवावेत आणि मगच इतर खर्चाकडे वळावे.

मोजण्याची पद्धत जुनीच आहे: टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल. नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडले की तेथेच थांबायचे, किलोमीटर लिहून घ्यायचे, आणि पुढच्या वेळी पुन्हा तसेच भरून जितके लिटर बसले त्याने कापलेल्या अंतराला भागायचे. मागे एकदा महामार्गावरील एका पंपावर ऑटो कट झाल्यानंतरही रक्कम पूर्ण करण्यासाठी भरणाऱ्या मुलाने टाकीच्या गळ्यापर्यंत पेट्रोल ओतले आणि माझी त्या खेपेची मोजणी वाया गेली. त्यामुळे आता मी गाडीतून उतरून नोझलजवळ उभा राहतो आणि रक्कम न सांगता "कट होईपर्यंत" असेच सांगतो. पंपाच्या मापाविषयी शंका असेल तर पाच लिटरच्या प्रमाणित मापाने पेट्रोल मोजून दाखवा, असे कोणताही ग्राहक म्हणू शकतो. ते माप पंपावर ठेवणे बंधनकारक आहे.

सांगलीहून आम्ही सकाळी पावणेसातला, पुरेसे उजाडल्यावर निघालो. अंधारात लवकर निघून वेळ वाचवण्याचा मोह या दिवसांत टाळावा असे माझे आग्रहाचे मत आहे. गळीत हंगाम चालू असतो, आणि आष्टा–इस्लामपूर रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर व बैलगाड्या रात्रभर चालतात. मागच्या ट्रॉलीला दिवा किंवा रिफ्लेक्टर असेलच याची खात्री नसते आणि बाहेर आलेला ऊस समोरून येणाऱ्या प्रकाशात अगदी जवळ गेल्यावरच दिसतो. या टप्प्यात ताशी पन्नास-पंचावन्नच्या वर वेग धरता आला नाही, तरीही पेट्रोलच्या दृष्टीने तो वाईट नव्हता, कारण ट्रॅक्टरच्या मागे संथ गतीने राहून मोकळी जागा दिसल्यावरच पुढे काढली, तर एकसारखे ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर यांचे चक्र टळते.

पेठ नाक्याला महामार्ग लागला की लहान गाडीच्या खर्चाचा खरा निर्णय चालकाच्या उजव्या पायात येतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ताशी ७५ ऐवजी ९५ ने गेल्यास तो सुमारे ६० टक्क्यांनी जास्त होतो, आणि उभट, आखूड व कमी ताकदीच्या गाडीला हा भार मोठ्या गाडीपेक्षा अधिक जाणवतो. पेठ ते सातारा हे अंतर ८० किलोमीटरच्या आसपास आहे. ७५ च्या वेगाने त्याला ६४ मिनिटे लागतात आणि ९५ च्या वेगाने साधारण ५० मिनिटे, म्हणजे सगळी बचत चौदा मिनिटांची, तीही रस्ता सलग मोकळा मिळाला तर. तो तसा मिळत नाही. शेंद्रे ते कागल या पट्ट्यातील सहापदरीकरणामुळे कराड-मलकापूरच्या परिसरात वाहतूक सेवा रस्त्यावर वळवलेली होती आणि तेथे आम्हाला वीस मिनिटे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये काढावी लागली. मी पाचव्या गिअरमध्ये ७५ ते ८० राखले, डाव्या बाजूने चाललो आणि गारवा असल्यामुळे एसी बंद ठेवला. उन्हाळ्यात आईसारखी वयस्कर व्यक्ती बरोबर असताना मी एसी बंद ठेवला नसता. पेट्रोल वाचवण्यासाठी माणसांना उकाड्यात बसवणे मला पटत नाही.

टोलनाके या मार्गावर दोन लागतात, कराडच्या पुढे तासवडे आणि साताऱ्याच्या पुढे आनेवाडी. किणीचा नाका पेठच्या दक्षिणेला असल्याने सांगलीकरांना तो वाटेत येत नाही. परतताना मेढामार्गे साताऱ्यात उतरल्यास आनेवाडी टळतो, त्यामुळे आमचा टोल एकूण तीन वेळा कापला गेला. खासगी मोटारींसाठीचा फास्टॅगचा वार्षिक पास १५ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाला, तो सुरुवातीला ३,००० रुपयांत होता, २०० फेऱ्या किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी संपेल तोपर्यंत, आणि नाका एकदा ओलांडला की एक फेरी मोजली जाते. त्या दराने सगळ्या फेऱ्या वापरल्या तर एक फेरी १५ रुपयांना पडत होती, पण वर्षातून दोनदाच महाबळेश्वरला जाणाऱ्याच्या बाबतीत पासाचे पैसे वसूल होणार नाहीत. सांगली-पुणे ये-जा नेमाने करणाऱ्यांनी मात्र तो जरूर घ्यावा.

वाईला टाकी फुल्ल केली तेव्हा १६३ किलोमीटरला ७.९ लिटर पेट्रोल बसले, म्हणजे लिटरला २०.६. ढोल्या गणपतीचे दर्शन आणि न्याहारी आटोपून पसरणी घाटाला लागलो.

या घाटाबद्दल लहान गाडीवाल्यांच्या मनात उगाच भीती असते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७१८ मीटर उंचीवर आहे आणि महाबळेश्वर सुमारे १,३५३ मीटरवर. म्हणजे माणसे व सामान धरून साधारण एक हजार किलोची गाडी आपण ६३५ मीटर वर उचलून नेतो. त्या कामाला लागणारी ऊर्जा जेमतेम सव्वासहा मेगाज्यूल भरते. एक लिटर पेट्रोलमध्ये तीस-बत्तीस मेगाज्यूल ऊर्जा असते खरी, पण इंजिन त्यातली साधारण चौथा हिस्साच चाकांपर्यंत पोहोचवते, म्हणून सपाट रस्त्याच्या खर्चाखेरीज केवळ चढणीसाठी पाऊण ते एक लिटर जादा धरावे. घाट पेट्रोल खातो तो एवढाच. गाडी दमते ती बहुधा चुकीच्या गिअरमुळे. या इंजिनाची जास्तीत जास्त ओढ ३,५०० फेऱ्यांच्या आसपास मिळते, त्यामुळे पेट्रोल वाचावे म्हणून तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये तिला घोगऱ्या आवाजात रेटत नेले तर ती वळणावर बसते, मग क्लच अर्धवट दाबला जातो आणि वाचवलेल्या पेट्रोलच्या कितीतरी पट खर्च क्लचप्लेटवर होतो. वळण येण्याआधीच दुसरा गिअर टाकावा, आवाज थोडा चढा राहू द्यावा आणि तापमानाच्या दिव्याकडे लक्ष ठेवावे. आम्ही एकदाही न थांबता वर पोहोचलो.

पाचगणी आणि महाबळेश्वर या दोन्ही ठिकाणी प्रवेशाच्या नाक्यावर नगरपालिकेचा कर द्यावा लागतो आणि प्रत्येक पॉइंटवर पार्किंगचे वेगळे पैसे पडतात, त्यामुळे सुटे पैसे जवळ असावेत. शनिवार-रविवारी बाजारपेठेच्या रांगेत गाडी तासन्‌तास चालू राहते. आम्ही गाडी मुक्कामाच्या ठिकाणी ठेवून पायी फिरलो.

उतरताना केळघर घाटाची वाट धरली. रस्ता पसरणीपेक्षा अरुंद, वळणे जवळजवळची आणि रहदारी कमी आहे. पावसाळ्यात येथे दरडी कोसळतात, म्हणून जून ते सप्टेंबरमध्ये चौकशी केल्याशिवाय या वाटेने जाऊ नये. उतारावर गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचते हा समज अजूनही सर्वत्र आहे, आणि तो धोकादायक तर आहेच, शिवाय हिशेबानेही चुकीचा आहे. आजच्या इंजेक्शन पद्धतीच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला, की इंजिनाच्या फेऱ्या पुरेशा असेपर्यंत पेट्रोलचा पुरवठा बंद होतो आणि चाकेच इंजिनाला फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहण्यासाठी पेट्रोल जळतच राहते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. इंजिनच बंद करून उतरणे त्याहून वाईट, कारण ब्रेकला मिळणारी निर्वाताची मदत दोन-तीन वेळा पेडल दाबताच संपते. आमच्या पुढे चाललेल्या एका मोटारीच्या लायनरचा जळका वास बराच वेळ येत होता. आम्ही दुसऱ्या गिअरमध्ये, ब्रेक फक्त वळणापुरता वापरत मेढ्याला पोहोचलो.

साताऱ्यात पुन्हा टाकी भरली: १०४ किलोमीटरला ५.९ लिटर, म्हणजे लिटरला १७.६. सपाटीवर एवढ्या अंतराला पाच लिटर पुरले असते, तेव्हा चढणीचा हिशेब आणि पंपाचा आकडा बऱ्यापैकी जुळले. अर्थात एवढ्या थोड्या पेट्रोलच्या मोजणीत अर्ध्या लिटरची चूक झाली तर उत्तर १६ ते १९ यांत कोठेही जाऊ शकते, म्हणून घाटाच्या या आकड्यावर फार विसंबू नये. कंदी पेढे घेऊन दुपारी सांगलीकडे निघालो आणि १२७ किलोमीटरला ५.७ लिटर, लिटरला २२.३, असा सर्वांत चांगला आकडा या टप्प्यात मिळाला. साताऱ्याहून सांगलीपर्यंत दीडशे-दोनशे मीटरचा उतार आहे, पण त्याचा फायदा पाव लिटरच्या आतच. मोठा फरक पडला तो कराडला रविवारी दुपारी वाहतूक न तुंबल्यामुळे.

एकूण ३९४ किलोमीटर, १९.५ लिटर, सरासरी २०.२. पेट्रोल १०४ रुपयांनी धरले तर २,०२८ रुपये, किलोमीटरला ५ रुपये १५ पैसे. या गाडीचा कंपनीने जाहीर केलेला आकडा लिटरला २४.७ आहे, पण तो प्रयोगशाळेतील रोलरवर ठरावीक पद्धतीने काढलेला असतो. चार माणसे आणि घाट धरून त्याच्या ८० टक्क्यांवर मिळाले, हे मला समाधानकारक वाटते. २०१९ मध्ये याच गाडीने याच वाटेवर २१.६ दिले होते. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते, आणि इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांशच ऊर्जा असल्याने शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सहा-सात टक्के घट अपेक्षितच आहे, जरी माझ्या गाडीच्या घटीत तिच्या वयाचाही वाटा असणार. ज्या उसाच्या ट्रॅक्टरमागे आम्ही सकाळी रांगत होतो, त्याच उसापासून आपल्या भागातील कारखाने हे इथेनॉल तयार करतात, तेव्हा त्याविरुद्ध माझी तक्रार नाही. जुन्या गाडीच्या मालकांनी मात्र पेट्रोलच्या रबरी नळ्या मिस्त्रींकडून वर्षातून एकदा तपासून घ्याव्यात.

पेट्रोल हाच गाडीचा सगळा खर्च असे मानणे चुकीचे आहे. माझ्या वहीप्रमाणे गेल्या वर्षी गाडी ९,२०० किलोमीटर चालली. सर्व्हिसिंग व ऑइलला ६,८०० रुपये, विम्याला ६,४०० रुपये (त्यांपैकी १,००० सीसीपर्यंतच्या मोटारीचा तृतीय पक्ष विमा २,०९४ रुपयांचा), टायरची झीज २,६६० रुपये, बॅटरीचा वार्षिक हिस्सा १,००० आणि पंक्चर, पीयूसी इत्यादी १,५००, असे १८,३६० रुपये पेट्रोलव्यतिरिक्त लागले, म्हणजे किलोमीटरला दोन रुपये. यातील विमा गाडी दारात उभी राहिली तरी भरावाच लागतो, त्यामुळे "जावे की न जावे" हे ठरवताना मी फक्त ऑइल-सर्व्हिसिंग आणि टायर धरतो, जे किलोमीटरला साधारण एक रुपया पडते. त्या मापाने सहलीचा खरा वाहनखर्च टोल सोडून सुमारे २,४३० रुपये झाला. एसटीने गेलो असतो तर आईचा प्रवास मोफत, पत्नी व मुलीला अर्धे तिकीट, म्हणजे खर्च नक्कीच कमी झाला असता. पण आईच्या गुडघ्यांना साताऱ्याला गाडी बदलणे आणि पायऱ्या चढणे जमत नाही, आणि मधले पैसे मी त्यासाठी आनंदाने देतो.

परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी, टायर थंड असताना, हवा तपासली तर मागच्या उजव्या चाकात पाच पौंड कमी होते. खिळा नव्हता, व्हॉल्व्ह गळत होता. निघताना तपासलेली हवा दोन दिवसांत एवढी उतरू शकते, हे या वेळी नव्याने कळले, म्हणून मुक्कामाच्या ठिकाणीही एकदा पाहावी. मार्चमध्ये हीच वाट उलटी, म्हणजे मेढ्याकडून चढून पसरणीने उतरायचे ठरवले आहे. टाकी त्या वेळी साताऱ्याला आणि वाईला, त्याच पंपांवर भरेन.