मैत्रिणी राखल्या त्या आयांनी

"दहावीला पंचेचाळीस वर्षं होऊन गेली, लग्नं होऊन सगळ्या चार दिशांना गेलात, तरी तुमच्या शाळेतल्या मैत्रिणी टिकल्या कशा?" डोंबिवलीत आमच्या इमारतीतल्या बायका हे विचारतात, सून विचारते, तिच्या मैत्रिणीही विचारतात. उत्तर एका ओळीचं आहे: आमच्या मैत्रिणी आमच्या आयांनी राखल्या. पण तेवढ्याने कोणाचं समाधान होत नाही, म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

कोकणातल्या पुरुषांना हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही, कारण त्यांना गणपती आहे, शिमगा आहे. चाकरमानी रजा टाकतो, रात्रीची एस.टी. धरतो आणि सकाळी स्वतःच्या घरासमोर उतरतो. आरत्यांना घरोघर फिरताना वर्गातला एकेक गडी भेटतोच. शिमग्याला पालखी नाचवायला तेच खांदे पुन्हा एकत्र येतात. आमचा गणपती मात्र सासरचा. ज्या घरात मैत्रीण सापडायची त्या घरातून ती गेलेली, आडनाव बदललेलं, काहींचं तर लग्नात नावही बदललेलं. गावाने मुलग्यांची मैत्री आपोआप सांभाळली. मुलींची कोणीतरी मुद्दाम सांभाळावी लागली.

दापोली तालुक्यात हर्णै आणि मुरुडच्या मधली आमची वाडी. सातवीपर्यंतची शाळा पाखाडी उतरली की लगेच, हायस्कूल मात्र लांब, चालत. पावसात दप्तर खताच्या पिशवीत गुंडाळायचं आणि एका छत्रीत तिघी. धोंडो केशव कर्वे सहावीच्या परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्याला डोंगर तुडवत चालत गेले आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही, ही गोष्ट गुरुजी दर पावसाळ्यात सांगायचे. आम्ही चालायला कुरकुरू नये म्हणून असेल. मला ती आजही आवडते. पण ज्या कर्व्यांनी 1916 साली बायकांसाठी विद्यापीठ काढलं, त्यांच्या मुरुडच्या शेजारी 1976 साली माझी सगळ्यात जवळची मैत्रीण सातवीनंतर घरी बसली. ती हर्णैशेजारच्या पाजपंढरीची, कोळ्यांच्या वस्तीतली. आई पहाटे हर्णैच्या बंदरावर जायची, मागे धाकटी भावंडं होती, सुकत घातलेले बोंबील राखायचे होते. गणितात ती माझ्या पुढे होती. आमच्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुली अशाच आठवीच्या दारातून मागे फिरल्या. ही गोष्ट मला अजून लागते.

तिची आई आमच्या वाडीत म्हावरं विकायला यायची. लिलावात घेतलेला माल पाटीत, पाटी डोक्यावर, आणि मुरुडपर्यंत एकेक वाडी पायी. आमच्या दारात पाटी उतरवली की आधी पाणी, मग चहा, मग बातम्या. भाव ठरायला जेवढा वेळ लागे त्याच्या कितीतरी पट वेळ बोलण्यात जाई. कोणाच्या मुलीचं ठरलं, कोणाची बाळंतपणाला आली आहे, कोणाला सासरी त्रास आहे, हे सगळं त्या पाटीबरोबर फिरे. पैसे नसले तर आई भात द्यायची, नारळ द्यायची आणि शिवाय निरोपही द्यायची: "अमकीला सांग, आमची मे महिन्यात येतेय." पावसात मात्र ही टपाल बंद. आता मासेमारीबंदी 1 जून ते 31 जुलै अशी सरकारी असते. तेव्हा समुद्रच बंदी घालायचा. नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर शाकारून ठेवलेल्या असत. मग ती माउली सुके बोंबील, सोडे घेऊन कधीतरीच यायची, आणि बातम्याही तशाच तुटक मिळायच्या.

1984 साली लग्न होऊन मी डोंबिवलीला आले. आई चौथी शिकलेली. आंतर्देशीय पत्राच्या निळ्या कागदावर आधी भात, गुरं, बाबांचा खोकला, आणि कडेच्या जागेत आडवं लिहिलेलं: "आंजर्ल्याला दिलेली तुझी मैत्रीण बाळंत झाली, मुलगा, सुखरूप. पाजपंढरीच्या जावयाने होडी बांधायला काढली. तू वैशाखात ये, दोघी असतील." मी ते आडवं लिहिलेलं आधी वाचायची. मुंबई, पुणे, बदलापूर असे सगळ्यांचे संसार, मुलांच्या परीक्षा निरनिराळ्या, सासरच्या अडचणी निरनिराळ्या, तरी मेमधले तेच चार-सहा दिवस आम्ही माहेरी एकत्र सापडायचो. तो योगायोग नव्हता. चार आयांनी आपसात तारखा जुळवलेल्या असायच्या. आंजर्ल्याला जायला तेव्हा खाडीवर पूल नव्हता, होडीतून उतरावं लागे. मुलं कडेवर, हातात आंब्याची पिशवी, आणि पलीकडून ती ओरडायची, "कधी आलीस गो?" तिला पक्कं ठाऊक असायचं मी कधी आले ते.

1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, खेडला उतरून दापोलीला जाणं सोपं झालं. पण सोप्या प्रवासाने मैत्रिणी भेटतातच असं नाही. आई गेली त्या वर्षी मे महिन्यात मी गावी गेले आणि माझ्या लक्षात आलं की कोण आलंय, कोण नाही, मला काहीच माहीत नाही. घर होतं, भाऊ-भावजय होती, आदर होता. फक्त ती आडवी ओळ नव्हती. मग पाजपंढरीची मैत्रीणच दारात आली. आता पाटी तिच्या डोक्यावर नव्हती, मुलाच्या टेम्पोत होती. ओटीवर बसून म्हणाली, "आता हवं-नको ते मला फोन करून विचार गो." तेव्हापासून आमच्यात आयांचं ते काम ती करते.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं. लॉकडाऊन होतं. वीज आठवडेच्या आठवडे नव्हती, टॉवर बंद. टीव्हीवर श्रीवर्धन-दिवेआगर दाखवत होते आणि माझा जीव आंजर्ल्यात. पहिला फोन आला तो पाजपंढरीहून. मुलाच्या बाईकवर मागे बसून, पडलेली झाडं ओलांडत ती पूल पार करून गेली होती आणि जिथे रेंज मिळाली तिथून बोलत होती: "जिवंत आहे. घरावर कौल नाही. आगर गेलं." आम्ही बाहेरच्यांनी पैसे पाठवले, ताडपत्री पाठवली, पण तिच्याजवळ बसायला माणूस होतं ते तेच. आगरात सुपारीची पोफळ लावली की धरायला पाच-सात वर्षं जातात. सत्तावन्नाव्या वर्षी माझ्या मैत्रिणीने नवी रोपं लावली, आणि खड्डे काढायला पाजपंढरीची पोरं होती.

आणखी एक सांगते, कारण त्याशिवाय उत्तर पुरं होत नाही. 2019 साली आमच्या वर्गातल्या मुलग्यांनी दहावीच्या बॅचचं स्नेहसंमेलन ठरवलं. यादी दहावीची, म्हणजे सातवीनंतर घरी बसलेल्या मुली त्यात नाहीत. आम्ही म्हटलं, त्यांना बोलवा. उत्तर आलं, बॅच म्हणजे दहावीची. आम्ही सांगितलं की मग आम्हीही येत नाही. वाद बराच वाढला, पण शेवटी बोलावणी गेली, आणि त्यातल्या बऱ्याच जणी आल्या. काही मागच्या खुर्च्यांवर बसल्या, तिथून त्यांना हाताला धरून पुढे आणावं लागलं. ज्या बाईचा लिलावातला हिशेब कॅल्क्युलेटरच्या आधी होतो, ती आमच्या बॅचची नाही असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? माझी शाळा तिच्याबरोबर सुरू झाली.

अजून एक राहिली आहे. लालबागला गिरणी कामगाराला दिलेली, आमच्याच वाडीच्या वरच्या अंगाची. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, घरं विसकटली, आणि पुढे तिची आईही भावाकडे राहायला गेली. त्या दारातली बातमी तिथेच तुटली. लग्नात तिचं नाव बदललं होतं आणि नवं नाव आमच्यापैकी कोणालाच नीट आठवत नाही. म्हणून तुम्ही विचारलंत तर मीही विचारते. तुमच्या घरात साठी ओलांडलेली, हर्णैच्या बाजूचं माहेर असलेली, एके काळी लालबागला राहिलेली आई, सासू, मावशी असेल, तर तिला शाळेतलं नाव विचारा. मुरुडच्या वाटेवर एका छत्रीत जाणाऱ्या त्या तिघी तिला आठवतात का, तेही विचारा.